पहाटे असते, मग रात्री का जाते?

"वय २७, लग्नाला चार महिने झाले. पहाटे जाग येते तेव्हा ताठरता असते, पण बायकोजवळ गेलो की मधेच ढिलं पडतं. लहानपणापासून हस्तमैथुनाची सवय होती, त्यामुळे झालं का? मेडिकलमधून गोळी आणू का?"

तपशील बदलतात. कुणाचं लग्न नुकतंच ठरलेलं असतं, कुणी हिंजवडीजवळ भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो आणि सोबत मैत्रीण असते. प्रश्न मात्र हाच. तुम्ही विचारलंत म्हणून नीट बसून उत्तर देतो.

तुमच्या दुसऱ्याच वाक्यात निम्मं निदान आहे. निरोगी पुरुषाला झोपेत, स्वप्नं पडतात त्या टप्प्यात, रात्रीतून तीन ते पाच वेळा आपोआप ताठरता येते आणि दर वेळी साधारण अर्धा तास टिकते. पहाटेची ही त्यातलीच शेवटची. ती चांगली घट्ट असेल, तर रक्तवाहिन्या, नसा आणि हार्मोन बहुतेक ठीक आहेत. एकट्यानं येते आणि जोडीदारासमोर जाते, याचाही अर्थ तोच. उलट पहाटेचीही हळूहळू कमी होत गेली आणि एकट्यानंही येईना, तर कारण शरीरात शोधायला हवं.

आता ती जाते का, ते बघा. लिंगात स्पंजासारख्या दोन नळ्या असतात. उत्तेजना आली की नसांच्या टोकांतून नायट्रिक ऑक्साइड सुटतं, आतले बारीक स्नायू सैल होतात, रक्त भरतं, आणि फुगलेल्या स्पंजाच्या दाबानं रक्त बाहेर नेणाऱ्या शिरा चेपल्या जातात. म्हणजे ताठरतेसाठी हे स्नायू सैल पडावे लागतात. भीती वाटली की ॲड्रेनालिनच्या जातीची रसायनं सुटतात आणि ती नेमके हेच स्नायू आवळतात. गाडीसमोर अचानक पीएमपीची बस आडवी आली की छातीत धडधडतं, तेच रसायन इथे काम करतं. म्हणून "हे मनाचं आहे" असं कुणी म्हटलं, तर त्याचा अर्थ "हे खोटं आहे" असा घेऊ नका. रक्त खरोखरच परत जातं.

पहिल्यांदा असं होण्याची कारणं अगदी साधी असतात. लग्नघरातली दोन-तीन रात्रींची जागरणं, पाहुण्यांनी भरलेलं घर, पातळ दरवाजा, किंवा मित्रांनी आग्रहानं पाजलेली दारू. थकलेल्या माणसाची ताठरता जाणारच. बिघाड होतो तो दुसऱ्या वेळी. आता पुरुषाचं लक्ष बायकोकडे नसतं, स्वतःकडे असतं: आहे का? टिकतेय का? तो परीक्षा देत असतो आणि पर्यवेक्षक म्हणून स्वतःच डोक्यावर उभा असतो. त्या पहाऱ्यानंच ती जाते आणि तिसऱ्या वेळची भीती आधीच तयार होते.

हस्तमैथुनानं नसा कमजोर होत नाहीत, लिंग वाकडं होत नाही, ताकद निघून जात नाही. 'वीर्याचा एक थेंब म्हणजे रक्ताचे चाळीस थेंब' ही समजूत चुकीची आहे, पण तिनं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या माणसं खचवली आहेत. इतकी, की डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी १९६० मध्ये या भीतीतून येणाऱ्या आजाराला 'धात सिंड्रोम' असं नाव दिलं. एक गोष्ट मात्र तपासा. वर्षानुवर्षं फार घट्ट मुठीनं आणि फक्त व्हिडिओ बघूनच सवय असेल, तर शरीराला त्याच दाबाची आणि वेगाची ओळख होते, आणि प्रत्यक्ष स्पर्श त्यापुढे सौम्य वाटतो. तीन-चार आठवडे फोन बाजूला ठेवा आणि हात हलका ठेवा. निरोध चढवताना जात असेल, तर एकट्यानं निरोध घालून दहा-बारा वेळा सराव करा. बोटांना सवय झाली की ते काही सेकंदांचं काम उरतं.

मुख्य उपाय ऐकून तुम्हाला आश्चर्य वाटेल: काही आठवडे संभोगावर बंदी. मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकी संशोधक जोडीनं १९७० मध्ये मांडलेली ही पद्धत आजही वापरली जाते. पहिले दोन आठवडे, आठवड्यातून दोन-तीनदा, वीस ते तीस मिनिटं दोघांनी आळीपाळीनं एकमेकांना नुसता स्पर्श करायचा: पाठ, मान, पाय, केस. स्तन आणि जननेंद्रियं वगळायची. पुढचे दोन आठवडे तीही घ्यायची, पण वीर्यस्खलनाचं ध्येय नको. ताठरता आली की थांबायचं आणि तिला मुद्दाम जाऊ द्यायचं. काही मिनिटांनी पुन्हा स्पर्श, पुन्हा येते. हा टप्पा गाळू नका. गेलेली परत येते हे शरीरानं चार-सहा वेळा अनुभवलं की जाण्याची भीतीच उरत नाही. त्यानंतर बायको वर असताना आत घेणं, हालचाल न करता मिनिटभर थांबणं, मग हालचाल.

हे फसतं ते एकाच ठिकाणी. पाचव्या दिवशी छान ताठरता येते आणि "आली आहे तर करून घेऊ" म्हणून बंदी मोडली जाते. मग पुन्हा परीक्षा, पुन्हा पहारा. बंदी पाळली जायची असेल तर ती दोघांना माहीत हवी. बोलायचं ते पलंगावर नाही. वेताळ टेकडीवर चालताना बोला, अंगावर कपडे आणि पायाखाली रस्ता असताना हे शब्द सोपे जातात. आधी एवढंच सांगा, की "तू आवडत नाहीस म्हणून हे होत नाही." कारण ती महिनाभर तेच समजून गप्प बसलेली असण्याची शक्यता मोठी आहे. तिलाही आत घेताना दुखत असेल, स्नायू आपोआप आवळले जात असतील, तर तिच्यासाठी स्त्रीरोगतज्ज्ञ गाठा. अशा वेळी एकट्या नवऱ्याला गोळ्या देऊन काही साधत नाही.

आता गोळी. गोळी नळ उघडत नाही, मोरीला बोळा लावते. नळ उत्तेजनेनंच उघडतो. नायट्रिक ऑक्साइडमुळे जे रसायन तयार होतं, त्याला मोडून टाकणारं एक एन्झाइम असतं, त्या एन्झाइमला गोळी अडवते. म्हणून गोळी घेऊन घड्याळ बघत बसलं तर काही होत नाही. सिल्डेनाफिल (व्हायग्रातलं औषध) साधारण तासभर आधी, शक्यतो रिकाम्या पोटी घ्यायची; परिणाम चार-पाच तास राहतो. मटणाच्या ताटावर घेतली तर उशिरा आणि कमी चढते, आणि "गोळीही लागू पडली नाही" म्हणणाऱ्या कित्येकांचं खरं कारण तेच असतं. टाडालाफिलला जेवणाची अडचण नाही आणि ती ३६ तासांपर्यंत साथ देते. डोकं दुखणं, चेहरा लाल होणं, नाक चोंदणं हे नेहमीचे त्रास. छातीत दुखण्यासाठी सॉर्बिट्रेटसारखं नायट्रेट घेणाऱ्यानं ती कधीच घेऊ नये. रक्तदाब धोकादायकरीत्या कोसळतो. ताठरता चार तासांनीही उतरली नाही तर थेट इमर्जन्सीत जा. ही औषधं चिठ्ठीवरची आहेत, मात्रा डॉक्टर ठरवतील. तरुण माणसाला ती बहुतेकदा काही महिने आधार म्हणून पुरतात, पण पहारा हटवायचं काम वर सांगितलेल्या सरावानंच होतं.

त्रास तीन महिन्यांहून जास्त टिकला, तर पहाटेची ताठरता असली तरी तपासण्या करा. लिंगाच्या धमन्या एक-दोन मिलिमीटरच्या आणि हृदयाच्या तीन-चार मिलिमीटरच्या. त्यामुळे रक्तवाहिन्यांचा आजार कधीकधी इथे आधी दिसतो. रक्तदाब, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), लिपिड (कोलेस्टेरॉल वगैरे) आणि सकाळी अकराच्या आत टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन, एवढं पुरे. टेस्टोस्टेरॉन कमी आलं तर दुसऱ्या एका सकाळी पुन्हा करा, एका रिपोर्टवर इंजेक्शन घेऊ नका. बाहेरून दिलेल्या टेस्टोस्टेरॉननं शुक्रजंतू घटतात, आणि जिममध्ये मिळणाऱ्या स्टेरॉइडचंही तेच. नैराश्याच्या काही गोळ्यांनी ताठरता आणि इच्छा कमी होते. त्या स्वतःहून बंद करू नका, डॉक्टर बदलून देऊ शकतात. सिगरेट, तंबाखू, जास्त दारू, घोरणं, पाच तासांची झोप, कमरेचा ९० सेंटिमीटरवर गेलेला घेर, हे सगळं मोजणीत धरा. दमछाक होईल असा व्यायाम चाळीस मिनिटं, आठवड्यातून चार दिवस, सहा महिने. सायकलवर सिंहगड करणाऱ्यांनी जांघेत बधिरपणा येत असेल तर सीट बदलावी. सीटच्या पुढच्या निमुळत्या टोकाचा दाब नेमका तिथल्या नसांवर पडतो.

भिंतींवरच्या 'गुप्तरोग' जाहिरातींकडे जाऊ नका. कामशक्ती वाढवण्याच्या औषधांची जाहिरात १९५४ च्या कायद्यानंच बंद आहे, आणि 'शुद्ध आयुर्वेदिक' पुड्यांत सिल्डेनाफिल मिसळलेलं अनेकदा सापडलं आहे. मात्रा माहीत नाही, सोबत काय आहे माहीत नाही. स्वतःच्या रक्तातून काढलेल्या प्लाझ्माची महागडी इंजेक्शनंही अजून सिद्ध झालेली नाहीत.

जायचं ते युरोलॉजिस्टकडे, आणि पहाटेची व्यवस्थित असेल तर लैंगिक समस्या बघणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाकडे. खर्चाची अडचण असेल तर पुण्यात ससून या सरकारी रुग्णालयाची ओपीडी आहे. गर्दीत शब्द फुटणार नाहीत असं वाटत असेल तर घरूनच चिठ्ठी लिहून न्या: "चार महिन्यांपासून संभोगाच्या वेळी ताठरता टिकत नाही. पहाटे येते. एकट्यानं येते. या गोळ्या चालू आहेत." टेबलावर ठेवा. पुढचे प्रश्न डॉक्टर विचारतील.