भुताचा सिनेमा: रेकीनंतरची (शूटिंगची जागा पाहून आल्यावरची) टिपणं

सोमवार, रात्री

संहिता आज बाजूलाच. आधी घराचा नकाशा, तोही टेप लावून मोजलेला. कुडाळकडचं चिऱ्याचं कौलारू घर. खळं (अंगण), पडवी, ओटी, माजघर, डावीकडे देवखोली, पुढे स्वयंपाकघर, मागची पडवी आणि तिच्या पलीकडे न्हाणी आणि विहीर. ओटीचं, माजघराचं आणि मागचं अशी तिन्ही दारं एका रेषेत आहेत. खळ्यात उभं राहिलं की थेट विहिरीचा रहाट दिसतो. हे घर घ्यायचं ते या एका रेषेसाठी.

अनोळखी जागेपेक्षा पाठ झालेल्या जागेत काही बदललेलं दिसलं की माणूस जास्त दचकतो. त्यामुळे पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत प्रेक्षकाला घर तोंडपाठ झालं पाहिजे. पुढे नुसती कडी वाजली तरी कुठल्या दाराची, हे त्याला कळावं. त्यासाठी दिवसाउजेडी एक लांब शॉट: सून कळशी घेऊन विहिरीवरून निघते, तिन्ही दारं ओलांडून ओटीवर येते. मध्ये कट नाही. पुढचे सगळे रात्रीचे प्रसंग याच वाटेवर घडतील.

अडचण माजघराची. खोली १२ बाय १४ फूट. सुपर ३५ सेन्सरवर (सिनेमाच्या कॅमेऱ्यातला नेहमीचा आकार) २४ मिमीची लेन्स १० फुटांवरून जेमतेम १० फूट रुंदी दाखवते. कॅमेरा भिंतीला टेकवला तरी पूर्ण खोली येत नाही आणि १६ मिमी लावली की दाराच्या चौकटी वाकड्या दिसतात. म्हणून माजघर नेहमी शेजारच्या खोलीतून, दाराच्या चौकटीतून टिपायचं. चौकट फ्रेममध्ये राहिली तर बरंच, कडेचा अंधार आयता मिळतो. उंबरठे उंच आहेत, ट्रॉली ओलांडणार नाही. फळ्यांचा उतार करत बसण्यापेक्षा तो लांब शॉट गिंबलवर, म्हणजे हातात धरून चाललं तरी कॅमेरा स्थिर ठेवणाऱ्या यंत्रावर. दारं साडेपाच फुटांची. कॅमेरामनसाठी वरच्या चौकटीला फोम बांधणे.

मंगळवार

भूत ठरलं: गिऱ्हा, पाण्यातला. विहीर आहेच. हडळ आणि पांढरी साडी इतकी वापरून झाली आहे की प्रेक्षक आधीच हसायला टपलेला असतो.

गिऱ्हा काय करू शकतो यापेक्षा काय करू शकत नाही ते आधी लिहायचं. सुक्या जमिनीवर तो फार वेळ थांबत नाही. देवखोलीचा उंबरठा ओलांडत नाही. आणि भुताचे पाय उलटे, हे लहानपणापासून सगळ्यांनी ऐकलेलं. त्यावरच कथेची मेख: माजघरातून विहिरीकडे जाणारी ओली पावलं सकाळी दिसतात, घरातली माणसं म्हणतात, गेलं एकदाचं. खरं तर ते आत आलेलं असतं. हे कुणी बोलून दाखवायचं नाही. मध्यंतरापर्यंत प्रेक्षकाला आपणहून कळेल, आणि कळेल तेव्हा घरातल्यांना अजून कळलेलं नसेल.

मेकअपचा खर्च वाचला, जमिनीचं काम वाढलं. शेणाने सारवलेली जमीन ओली असते तेव्हा गडद, वाळली की फिकट, आणि बोटांच्या वळणांचे पट्टे प्रत्येक वेळी वेगळे उठतात. सकाळी सारवलं आणि दुपारी शूट केलं तर एकाच प्रसंगात दोन रंगांची जमीन दिसते. सारवण आदल्या संध्याकाळी, एकाच बाईच्या हातून, आणि झाल्यावर वरून फोटो. नुसत्या पाण्याची पावलं दिव्यांच्या उष्णतेने काही मिनिटांत उडतात. पाणी आणि ग्लिसरीन निम्मं-निम्मं घेतलं तर टिकतात, पण मागे चिकट डाग राहतो, म्हणजे पुढच्या टेकआधी तेवढा तुकडा खरवडून पुन्हा सारवा आणि वाळेपर्यंत थांबा. पावलांचे शॉट दिवसाच्या शेवटी, दोनच टेक धरून.

रक्त एकाच प्रसंगात, तेही थोडं. लिक्विड ग्लुकोज, खायचा लाल रंग, चमचाभर कोको. कंदिलाच्या पिवळ्या उजेडात लाल रंग काळपट दिसतो, त्यामुळे कोको जपून. ग्लुकोजला मुंग्या लागतात आणि कोकणात त्यांना निरोप धाडावा लागत नाही. टेक संपताक्षणी गरम पाण्याने पुसणे.

बुधवार, उशिरा

अंधार. सगळ्यात जास्त वेळ आणि पैसा इथेच जाणार, आणि जायलाच हवा.

खरं चांदणं कॅमेऱ्याच्या कामाचं नाही, पौर्णिमेलाही पाव लक्सच्या आसपास उजेड. चंद्र आपणच टांगायचा: ४ किलोवॉटचा एचएमआय (दिवसासारखा पांढरा उजेड देणारा मोठा दिवा), २० फुटांच्या परांचीवर, घराच्या मागे. कॅमेऱ्याचं रंगाचं माप ३२०० ते ४००० केल्विनच्या दरम्यान ठेवलं की तो निळसर येतो. निळा रंग मुद्दाम वाढवू नये, स्वस्त दिसतो. दिवा मागूनच हवा. समोरून चांदणं टाकलं की चिऱ्याच्या भिंतीचे खड्डे बुजतात आणि घर काल रंगवल्यासारखं दिसतं.

माजघराच्या छपरात काचेचं एक कौल आहे. उजेडाची तिरीप तिथूनच उतरवायची. आत हलकासा धूर, तिरीप दिसेल इतकाच. मग छपरावर काहीतरी सरकतं: बाहेर लाईटमन दिव्यापुढून कटर (उजेड अडवणारी काळी पट्टी) हळूच फिरवतो, आत जमिनीवरचा उजेडाचा चौकोन विझतो आणि परत येतो. छप्पर दाखवायचं नाही, घरातल्या लहान मुलीने वर बघायचंही नाही. अख्ख्या सिनेमात भूत दाखवण्याची याहून चांगली जागा नाही.

धुराची कटकट अशी की कौलांच्या फटींतून वारा खेळतो आणि दोन शॉटमध्ये धूर कमी-जास्त होतो. यंत्र बंद करून धूर सगळीकडे सारखा पसरेपर्यंत थांबायचं, मगच कॅमेरा. घाई केली तर एडिटिंगच्या टेबलावर रडायचं.

कंदील. खऱ्या ज्योतीचा रंग १९०० केल्विनच्या आसपास. ज्योत फक्त क्लोजअपमध्ये. बाकी ठिकाणी टाकीत बॅटरी आणि वातीच्या उंचीवर एलईडीचा तुकडा, त्यावर नारिंगी जिलेटिन (रंगीत पारदर्शक कागद). उंची चुकली की कंदिलाच्या तारांच्या सावल्या भिंतीवर भलत्याच ठिकाणी पडतात आणि खोटेपणा लगेच उघडा पडतो. काचेच्या कॅमेऱ्याकडच्या बाजूला काजळी धरायची, चेहऱ्याकडची बाजू स्वच्छ पुसायची. म्हणजे दिवा पांढराफटक होत नाही आणि चेहऱ्यावर उजेड पुरतो.

घरातले बल्ब: वीज ५० हर्ट्झची, आपण सेकंदाला २४ फ्रेमवर. शटर १७२.८ अंशांवर ठेवायचं, म्हणजे प्रत्येक फ्रेमला सेकंदाचा ५०वा भाग उजेड मिळतो. १८० वर विसरलं तर स्वस्त एलईडी लुकलुकतात. ते लुकलुकणं भुताचं वाटत नाही, पट्टे सरकताना दिसतात.

घराच्या मीटरवर काही जोडायचं नाही. ४ किलोवॉटचा एकच दिवा १८ अँपिअरच्या आसपास खेचतो आणि संध्याकाळी व्होल्टेज आधीच खाली असतं. जनरेटर किमान १०० मीटर लांब, मध्ये एखादं घर किंवा टेकाड. लांबच्या केबलमध्ये व्होल्टेज पडतं, त्यामुळे केबल जाड मागवणे.

आणि दिवेलागण. हिवाळ्यात इथे सूर्य सहाच्या थोडं पुढे मावळतो. त्यानंतर कामाचा निळा उजेड वीसेक मिनिटं. तेवढ्यात दोन शॉट, फार तर तीन. संहितेत कातरवेळेची पाच पानं आहेत. चार कापली.

शुक्रवार

आवाज. रातकिड्यांचा आवाज कट लागला की तुटतो. रोज रात्री प्रत्येक खोलीत आणि विहिरीपाशी तीन-तीन मिनिटं नुसती शांतता रेकॉर्ड करायची, सगळ्यांचे फोन बंद, पंखे बंद. कामगारांना हे वेळ वाया घालवणं वाटतं, म्हणून जेवणाच्या सुट्टीआधीच उरकणे.

दाराची करकर सेटवर मिळाली तर नशीब. नंतर करायची तर बिजागरीला राळ लावून, दार अगदी हळू. पटकन उघडलं तर दार नुसतं वाजतं.

दचकवायचे प्रसंग चारच. त्याआधी दोन-तीन सेकंद रातकिडेसुद्धा थांबवायचे. आवाज चित्राच्या आधी किंवा बरोबर, एक फ्रेम उशीर झाला तरी जोर जातो. २४ च्या वेगाला एक फ्रेम म्हणजे सुमारे ४२ मिलिसेकंद. घुमणाऱ्या खर्जाच्या आवाजावर भिस्त नको, बरेच लोक मोबाईलवर बघणार आणि त्या स्पीकरमधून खर्ज ऐकूच येत नाही. पाण्याचा थेंब, रहाटाची कुरकुर, काकणं: भीती वरच्या पट्टीत ठेवायची.

शनिवार

तारखा. त्रिपुरी पौर्णिमेनंतर गावोगावच्या जत्रा आणि रात्रभर दशावतार. लाऊडस्पीकर दोन वाड्या पलीकडे असला तरी सिंक साऊंड (शूटिंगच्या वेळीच रेकॉर्ड होणारा आवाज) संपला. पावसाळा नकोच, ताडपत्रीवर पाऊस पडला की संवाद ऐकू येत नाहीत. जानेवारीचा दुसरा पंधरवडा आणि फेब्रुवारी बरा. मात्र आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेची तारीख देवीच्या कौलाने ठरते, आधी सांगता येत नाही. ती जाहीर झाली की मालवणकडे ना लॉज मिळत ना गाडी. ते दोन-तीन दिवस रिकामे धरून ठेवणे.

पावसाचा प्रसंग काढला. १०,००० लिटरचा टँकर मिनिटाला २०० लिटर गेलं तरी ५० मिनिटांत रिकामा, आणि लाल वाटेवरून दुसरा यायला तास. शिवाय फेब्रुवारीतलं गवत पिवळं.

मुलगी नऊ वर्षांची. बालकलाकारासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून जास्त नाही, मानधनाच्या किमान २० टक्के तिच्या नावे मुदत ठेवीत. तिच्या सगळ्या रात्री दिवसा करायच्या. खिडकीबाहेर चार फूट जागा सोडून काळ्या कापडाचा तंबू, मध्ये दिवा. छपरावर ताडपत्री, नाहीतर कौलांतून उजेडाच्या सुया उतरतात. घर बंद झालं की उकाडा भयंकर आणि घामेजलेल्या चेहऱ्यावर थंडीची रात्र दिसत नाही. आत एलईडीच, तासाभराने दारं उघडायची. भुताची ओली पावलं तिला आधी बनवताना दाखवायची, ग्लिसरीनसकट. ती घाबरल्याचा अभिनय करेल, घाबरायची गरज नाही.

नाग, घुबड काही नाही. दोन्हींना वन्यजीव कायदा लागू आणि कथेला उपयोग शून्य. मांजर हवं असेल तर पशू कल्याण मंडळाची परवानगी शूटिंगआधी. मांजरही काढलं.

सेन्सॉरचं प्रमाणपत्र यूए १६+ धरून चालायचं. २०२३ च्या दुरुस्तीनंतर यूएमध्ये ७+, १३+ आणि १६+ असे टप्पे आहेत. ए (फक्त प्रौढांसाठी) मिळालं तर टीव्हीसाठी वेगळं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. रक्ताचा प्रसंग छोटा ठेवण्याचं हेही एक कारण.

रविवार

घरमालकांशी लेखी ठरवायचं: देवखोलीचं दार दिसेल, आतले देव दिसणार नाहीत. पहिल्या दिवशी देवळात नारळ ठेवून गाऱ्हाणं (देवाकडे मागणं), युनिटसाठी आणि गावासाठीही. काढलेली कौलं, उखडलेली जमीन, परांचीने दबलेलं परसू हे सगळं निघताना होतं तसं करून देण्याचे दोन दिवस शेड्यूलमध्येच टाकले, नाहीतर हिशेबात ते कधीच बसत नाहीत. लाईटमनने उद्या फोन करून सांगायचं की परांची पाणंदीतून (घराकडे येणाऱ्या अरुंद वाटेतून) आत जाईल का. पाणंद नऊ फूट आहे, आणि वळणावर फणस.