किरुना : खाणीपायी उठलेलं शहर

धरणापायी उठलेली गावं आपल्याकडे ठाऊक आहेत. खाणीपायी अख्खं शहर उठतंय म्हणून सप्टेंबर २०२५मध्ये स्वीडनच्या उत्तर टोकाला, किरुनाला गेले. स्टॉकहोमहून रात्रीची गाडी आहे. बर्थ खूप आधी काढा.

लोहखनिजाचा थर सुमारे चार किलोमीटर लांब आणि तिरका, थेट शहराखाली शिरलेला. खालून खनिज काढत गेलं की वरचा खडक ढासळतो आणि भेगा वस्तीकडे सरकतात. म्हणून घरं, नगरपालिका, बाजार सगळं तीनेक किलोमीटर पूर्वेला न्यायचं ठरलं. १९१२चं लाकडी चर्च, ६७२ टन वजनाचं, १९ आणि २० ऑगस्टला न मोडता गाड्यावर पाच किलोमीटर नेलं! मी गेले तेव्हा आत प्रवेश नव्हता, तेव्हा आधी चौकशी करा.

युरोपीय संघातलं सुमारे ८० टक्के लोहखनिज एलकेएबी ही सरकारी कंपनी काढते. खोदकाम हजार मीटरच्याही खाली चालतं. पर्यटकांना बसने ५४० मीटरपर्यंत नेतात. फेऱ्या मोजक्याच, इंग्रजी फेरी कधी आहे ते बघूनच तिकीट काढा. आत गारवा असतो, जाकीट हवंच.

तिथे हातावर खनिजाचा खडा ठेवला. वाटाण्याएवढा, काळपट, आकाराच्या मानाने जड. पर्सच्या चुंबकी बटणाला तो टपकन चिकटला. माझं माहेर सिंधुदुर्गातल्या रेडीचं; खाणीची लाल धूळ अंगणात बघत वाढले, पण आमचं लोहखनिज, हेमाटाइट, असं चिकटत नाही. हे मॅग्नेटाइट, चुंबकाला धरणारं लोहखनिज.

भरपाई मिळते, नवी घरंही चांगली आहेत. तरी जुन्या भागातल्या कुंपणाआडच्या रिकाम्या जागा बघून पोटात कालवतं. शेजारच्या पेर गेइयर साठ्यात दुर्मिळ मृदा धातू असल्याचं २०२३मध्ये जाहीर झालं. तिथे खाण झाली तर इथल्या सामी आदिवासींच्या रेनडिअरची वाट आणखी आवळेल. हा प्रश्न मला चर्चच्या स्थलांतराहून मोठा वाटतो.

रात्री एक-दीडच्या सुमाराला सुरुंग उडतात. जुन्या भागाजवळ उतरलात तर पलंग हलकेच थरथरतो, घाबरू नका.

परत त्याच वाटेने येऊ नका. नॉर्वेतल्या नार्विकची गाडी धरा, तीनेक तासांची. समोरून ६८ वाघिणींची खनिजगाडी रिकामी परतताना दिसते. तोर्नेत्रेस्क तलाव आणि पुढे खाडी, दोन्ही उजव्या हाताला, म्हणून त्याच बाजूची खिडकी मागा.