माल्टा: पंख नसलेलं ‘फेथ’ आणि उतरवलेल्या तोफा

व्हॅलेटा शहराच्या अगदी टोकाला, जिथून तिन्ही बाजूंना समुद्रच दिसतो, तिथे सेंट एल्मोचा किल्ला आहे. पिवळसर चुनखडीचे तट भर दुपारी इतके तापतात की हात ठेववत नाही. आतल्या युद्धसंग्रहालयात दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली अख्ख्या बेटाला मिळालेला जॉर्ज क्रॉस, म्हणजे ब्रिटनचं शौर्यपदक, ठेवलाय. बायको त्याच्यापाशी रेंगाळली. मी ‘फेथ’समोर उभा राहिलो तो अर्धा तास हललो नाही.

‘फेथ’ म्हणजे सी ग्लॅडिएटर, दुपंखी लढाऊ विमान. आता नुसतं धड उरलंय, पंख गेले. नाकाच्या दोन्ही अंगांना मशिनगनच्या जागा होत्या, आणखी दोन खालच्या पंखांखाली. म्हणजे चारपैकी दोन मशिनगनची जागाच आज नाही. मर्क्युरी इंजिन ८४० अश्वशक्तीचं. ११ जून १९४० रोजी इटालियन बॉम्बर आले तेव्हा बेटाच्या हाताशी असली मोजकी विमानं होती. वेग ताशी चारशे किलोमीटरच्या आसपास, आणि समोरचं तीन इंजिनांचं सावोया-मार्केटी त्याहून वेगवान! पाठलाग करून ते सापडणं शक्यच नव्हतं. आधीच उंची गाठायची आणि वरून झडप घालायची, एवढा एकच मार्ग. मेकॅनिकांनी मग ब्लेनहाइम बॉम्बरचं इंजिन ग्लॅडिएटरला बसवून पाहिलं, एकावर दोन जादा मशिनगनही चढवल्या. ताकद हवी आणि मारा पण हवा, ही ओढाताण तिथूनच सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी बसने ता’काली गाठलं. (माल्टीज लोक ‘क’ घशातच गिळतात, ऐकताना ‘ता-आली’ वाटतं.) युद्धातल्या या धावपट्टीच्या जागेवर आता विमानसंग्रहालय आहे. तिथलं हरिकेन (ब्रिटिश लढाऊ विमान) झेड ३०५५ जुलै १९४१ मध्ये समुद्रात पडलं, १९९५ साली ब्लू ग्रोटो या समुद्रगुहेजवळून वर काढलं आणि स्वयंसेवकांनी कित्येक वर्षं खपून उभं केलं. त्या पत्र्यावरून हात फिरवावासा वाटत होता, पण दोरी ओलांडली नाही.

हे हरिकेनचं मार्क २-ए रूप. आधीच्या मार्क १ चं मर्लिन इंजिन हजार अश्वशक्तीच्या थोडं पुढचं, याचं बाराशेच्या वर. मशिनगन मात्र आठच, म्हणजे वाढलेली सगळी ताकद उंची गाठायला मोकळी. पुढच्या २-बी मध्ये बारा मशिनगन आल्या, २-सी मध्ये २० मिलिमीटरच्या चार तोफा. मिळवलेली ताकद वजनाने खाल्ली. त्यात धुळीसाठी हनुवटीखाली लावलेला भलामोठा फिल्टर, त्यानेही वेग कापला.

जादा मारा मागणाऱ्यांचं काही चुकत नव्हतं. तिथल्या एका स्वयंसेवक आजोबांनी माझ्या तळहातावर एक रिकामी पुंगळी ठेवली, मशिनगनची. बोटाएवढी. मग दुसरी, तोफेची. ती मुठीत मावेना. मशिनगनची गोळी जेमतेम अकरा ग्रॅमची, तोफेचा गोळा सव्वाशेच्या वर. चिलखती पत्रा लावलेल्या बॉम्बरला पाडायचं तर काय हवं, हे हाताला लगेच कळलं.

पण सिसिली इथून जेमतेम नव्वद किलोमीटर. तिकडून निघालेलं जर्मन लढाऊ मेसरश्मिट दहा-बारा मिनिटांत डोक्यावर, आणि तेवढ्यात हरिकेनला सहा हजार मीटर चढायचं! खाली राहिलेल्या विमानाच्या तोफा कितीही मोठ्या असोत, त्या झाडायची वेळच येत नाही. म्हणून माल्टात बारातल्या चार मशिनगन काढल्या, चारातल्या दोन तोफा काढल्या. एप्रिल १९४२ मध्ये अमेरिकेच्या ‘वास्प’ या विमानवाहू जहाजावरून चार तोफांची स्पिटफायर लढाऊ विमानं आली, त्यांच्याही दोन-दोन उतरवल्या. मला तर हा निर्णय शंभर टक्के पटतो. ज्यांना वर जायचं होतं, त्यांनीच तो घेतला होता.

संध्याकाळी इम्दिना या जुन्या तटबंदी गावाच्या तटावर गेलो. वैमानिक राहायचे तो शारा पॅलेस इथेच, आता तिथे हॉटेल आहे. खाली ता’कालीचं सपाट मैदान, पलीकडे उत्तरेचा समुद्र. हवा स्वच्छ असली की सिसिलीतला एटना ज्वालामुखी दिसतो म्हणतात. आम्ही अंधार पडेपर्यंत त्या बाजूला बघत बसलो.