पिवळं पुस्तक आणि कोरा कागद

पूर्वपरीक्षेत विज्ञानात शंभरपैकी ५४ पडले तेव्हा मला मनापासून वाटलं, पेपर तपासण्यातच काहीतरी घोळ झालाय. पुस्तक तीनदा वाचून झालं होतं. हायलायटर मारून मारून पानं इतकी पिवळी झाली होती की न रंगवलेली ओळ चुकून सापडायची.

ताईने तपासलेला पेपर मागितला. तो मी दप्तराच्या तळाशी कोंबला होता. तिने एका कागदावर तीन रकाने आखले: ‘येतच नव्हतं’, ‘वाचलं होतं पण आठवलं नाही’ आणि ‘येत होतं तरी घालवलं’. गेलेला एकेक मार्क कुठल्या रकान्यात जातो ते मी ठरवायचं. ४६ मार्कांचा हिशेब लावायला तासभर लागला. पहिल्या रकान्यात ११, दुसऱ्यात १९, तिसऱ्यात १६.

तिसरा रकाना बघून लाज वाटली. ‘फरक स्पष्ट करा’ असं विचारलं होतं आणि मी दोन व्याख्या एकाखाली एक लिहून मोकळी झाले होते. दोन गणितांची उत्तरं बरोबर, पण एककच नाही. ‘कोणतेही तीन सोडवा’ म्हटल्यावर पाचही सोडवले, आणि त्या नादात शेवटचा प्रश्न राहिला. आधी जास्त अभ्यास केला असता तरी यातला एकही मार्क वाचला नसता.

मग ताईने पुस्तक उघडलं. “प्रकाशसंश्लेषण झालंय?”

“तीनदा.”

“मग मिट पुस्तक आणि सांग.”

दोन वाक्यं धडाधड आली. तिने विचारलं, “ऑक्सिजन बाहेर पडतो तो कशातून येतो?” मी म्हटलं, कार्बन डायऑक्साइडमधून. तिने पान माझ्यापुढे धरलं. ऑक्सिजन पाण्याच्या विघटनातून येतो, हे तिथे स्पष्ट लिहिलेलं होतं आणि त्या ओळीवर माझाच पिवळा रंग होता.

वाचताना सगळं ओळखीचं वाटतं आणि आपण समजतो की ते आपल्याला येतं. यावर रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये केलेला प्रयोग मी नंतर वाचला. विद्यार्थ्यांनी उतारा वाचला. मग काहींनी तो पुन्हा वाचला, तर काहींनी न बघता आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं आणि लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. परीक्षेच्या आदल्या रात्री मला सगळं येत का असायचं, ते तेव्हा कळलं.

त्या दिवसापासून हायलायटर बंद. धडा एकदा नीट वाचायचा, पुस्तक मिटायचं आणि कोऱ्या कागदावर आठवेल ते खरडायचं. मग पुस्तक उघडून सुटलेलं लाल पेनाने भरायचं. पहिले आठ-दहा दिवस कागद निम्माअधिक लालच असायचा आणि रडू यायचं. वाचण्यात किती सुख होतं! तोच धडा दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने. व्याख्या आणि सूत्रांच्या चिठ्ठ्या केल्या आणि तीन डबे ठेवले. बरोबर आलेली चिठ्ठी पुढच्या डब्यात, चुकलेली परत पहिल्यात. पहिला डबा रोज, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने. ही युक्ती जर्मन लेखक सेबास्टियन लाइटनरने १९७२ मध्ये मांडली होती. (रंगीत वेळापत्रकही केलं होतं. ते बनवण्यात एक रविवार गेला आणि मंगळवारी ते मोडलं.)

गणितात दुखणं वेगळं होतं. वर्गसमीकरणांच्या धड्याखालची सगळी उदाहरणं वर्गसमीकरणांचीच, त्यामुळे कुठली रीत लावायची हे धड्याचं नावच सांगून टाकायचं. पेपरात नाव नसतं. म्हणून वेगवेगळ्या धड्यांतली उदाहरणं मिसळून रोज सहा सोडवू लागले. सुरुवातीला सहातली दोन जमायची आणि आधीचीच पद्धत बरी होती असं वाटायचं. महिन्याभरात उदाहरण बघून रीत सुचायला लागली.

शेवटचे पाच आठवडे जुने पेपर, तेही घड्याळ लावून. तीन तास आणि शंभर मार्क, म्हणजे वाचणं-तपासणं धरून मार्कामागे दोन मिनिटंसुद्धा नाहीत. ताईचा एकच नियम होता, मधे उठायचं नाही. प्रत्येक पेपरनंतर तेच तीन रकाने. प्रश्नातल्या ‘फरक’, ‘कारणे’, ‘कोणतेही तीन’ या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ मारायची सवय लावली आणि चौथ्या पेपरापर्यंत तिसऱ्या रकान्यात चारच मार्क उरले. जागरणं मात्र बंद केली, कारण एका जागरणानंतर सोपी वजाबाकी चुकले होते.

अंतिम परीक्षेत विज्ञानात ८१ आले आणि गणितातही बरेच वाढले. भाषेत मात्र फक्त दोन मार्कांची भर. तिथे मी व्याकरणाच्या चिठ्ठ्या केल्या, धडे आठवून लिहिले, पण घड्याळ लावून निबंध एकही लिहिला नव्हता. सगळे मनातल्या मनातच लिहिले होते.