वेताळाची मोजदाद

बँकेत चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या पैशांचा ताळा जमवला. निवृत्तीनंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात म्हटलं, आता आपली एकुलती एक ठेव मोजू. वेंगुर्ल्याच्या घरी पोटमाळ्यावर पत्र्याची ट्रंक आहे, तिच्यात लहानपणापासूनची कॉमिक्स. पुतण्याच्या मदतीनं ती खाली उतरवली, पडवीत जुनं धोतर पसरलं आणि मोजली. 187 भरली. चहा पिऊन पुन्हा मोजली, तर 185. पुतण्यानं मोजली तेव्हा 188. बँकेत एका रुपयाचा फरक आला तरी रात्री आठापर्यंत बसायचो, त्यामुळे इथेही बसलो. तेव्हा कळलं की दोन जोड्या ओलीनं एकमेकांना इतक्या घट्ट चिकटल्या होत्या की मी त्यांना कधी दोन धरत होतो, कधी चार. आणि एका अंकाचे मधोमध दोन तुकडे झालेले, ते पुतण्यानं वेगवेगळे मोजले होते. शेवटी 187 वर तडजोड झाली.

मी लाल कापडी पुठ्ठ्याची वही काढली. पुतण्या म्हणाला, "काका, एक्सेलमध्ये करूया. शोधायला सोपं." मी वहीत, तो लॅपटॉपवर, अशी दुहेरी नोंद सुरू झाली. रकाने ठरले: अनुक्रमांक, मालिका, अंक, नायक, स्थिती, स्थान, शेरा. सात रकान्यांत मावणार नाही असं या ट्रंकेत काय असणार, असं वाटलं होतं.

पहिला गोंधळ अंकांच्या क्रमांकांचा. ट्रंकेतली निम्म्याहून जास्त भरती इंद्रजाल कॉमिक्सची. ती मार्च 1964 मध्ये सुरू झाली आणि 1990 मध्ये बंद पडली. आधी मासिक, मग पाक्षिक, मग साप्ताहिक. पण हा हिशेब मुंबईकरांचा. आमच्याकडे इंद्रजाल सहामाही होतं. मे महिन्यात आणि गणपतीला. मुंबईचे काका चाकरमान्यांच्या गर्दीतून यष्टीनं यायचे, त्यांच्या पिशवीत बेसनाच्या लाडवांखाली गिरगावातल्या रद्दीवाल्याकडचे सात-आठ अंक असायचे. कुठले असतील ते रद्दीवाल्याच्या मर्जीवर. म्हणून माझ्या संग्रहात सलग चार अंक कुठेच सापडत नाहीत. 40 आहे, 41 नाही, 42 आहे पण बिनमुखपृष्ठाचा, मग थेट 57.

यातली दोन भोकं मला फार वर्षं छळत होती. माझ्याकडे 122 होता आणि 125 होता. मधले दोन गायब. जिथे जिथे बदली झाली तिथे तिथे रद्दीवाल्यांना विचारलं. सावंतवाडीत विचारलं, कोल्हापुरात विचारलं, मुंबईच्या फुटपाथवर उकिडवं बसून ढीग उपसले. आणि मनात एक संशय पक्का होता. एका गणपतीत चुलतभाऊ आठवडाभर राहून गेला होता आणि जाताना त्याची पिशवी आली त्यापेक्षा जड वाटली होती. तोंडावर कधी बोललो नाही. पण त्याच्या मुलाच्या मुंजीत आहेर करताना सुद्धा माझ्या डोक्यात 123 आणि 124 होते, हे कबूल करतो.

आता यादी करताना पुतण्यानं इंद्रजालच्या संपूर्ण प्रकाशनाची माहिती शोधून काढली आणि म्हणाला, "काका, हे दोन अंक निघालेच नाहीत. संप होता." एकूण 803 अंक छापले गेले, त्यात 123 आणि 124 नाहीत. जगात कुणाकडेच नाहीत. वहीत मी पेन्सिलीनं "गहाळ" असं लिहून ठेवलं होतं, ते खोडलं. पण खोडल्यावर तिथे काय लिहायचं? जे कधी नव्हतंच त्याची नोंद कशी करतात, हे बँकेनं शिकवलेलं नाही.

संध्याकाळी चुलतभावाला फोन लावला. इतक्या वर्षांचा आळ मनातल्या मनात घेतला होता, तो मनातल्या मनातच मागे घेणं बरं दिसलं नसतं. सगळं सांगितलं. तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "ता बरा झाला. पण सत्त्याण्णव माझ्याकडे आसा. तो छापलेलो हा."

443 नंतर इंद्रजालनं क्रमांकांची पद्धतच बदलली आणि पुढचा अंक निघाला तो खंड 20, अंक 1 म्हणून. आम्हा पोरांना तेव्हा वाटलं होतं की मधले हजारभर अंक आपल्याला कळू न देता येऊन गेले. एक्सेलला काय वाटलं ते वेगळंच. पुतण्यानं 20/1 लिहिलं की ते यंत्र त्याची 20 जानेवारी करून टाकी. 21/5 ची 21 मे झाली. 24/36 मात्र तसाच राहिला, कारण छत्तिसावा महिना एक्सेललाही माहीत नव्हता. संध्याकाळपर्यंत आमच्याकडे अर्धी यादी आणि अर्धं पंचांग तयार होतं. मी वहीकडे बघून काही बोललो नाही. बोलायची गरज नव्हती.

अमर चित्रकथांचं त्यातल्या त्यात सोपं जाईल म्हटलं, तर तिथेही पहिलं पुस्तक सापडेना. अनंत पैंची ही मालिका, पण तिच्यातला कृष्ण क्रमांक 11 वर आहे. पहिले दहा परदेशी परीकथांचे. देवकीचा आठवा आणि अमर चित्रकथेचा अकरावा. उशिरा येण्याची सवयच त्याला.

खरी अडचण आली ती "नायक" या रकान्यात. इंद्रजालचे पहिले बत्तीस अंक सगळे फॅन्टमचे, म्हणजे जंगलात राहणाऱ्या मुखवटेवाल्या नायकाचे. नंतर जादूगार मँड्रेक आला, फ्लॅश गॉर्डन आला, 1976 च्या अखेरीस आबिद सुरतींचा बहादूर आला. मराठीत फॅन्टम झाला वेताळ. म्हणून मी बिनदिक्कत रकान्यात "वेताळ" लिहीत सुटलो. पण ट्रंकेत चांदोबाही आहेत. मराठी चांदोबा 1952 पासूनचा, आणि माझ्याकडचे तेवीस अंक आत्याच्या कपाटातून आलेले. त्यांत विक्रमाच्या खांद्यावर बसून प्रश्न विचारणारा वेताळ. पुतण्याचं म्हणणं, चांदोबा कॉमिक्समध्ये धरत नाहीत. मी म्हटलं, ट्रंकेत आहे ना, मग वहीत येणार. त्यामुळे एक्सेलमध्ये वेताळ शोधला की एकाच रांगेत घट्ट जांभळ्या कपड्यांतला एक आणि प्रेतातला एक, असे दोघे यायला लागले.

आणि आमच्या भागात तिसराही आहेच. आरवली इथून फार लांब नाही. तिथला वेतोबा, म्हणजे ग्रामदेव वेताळ, रात्री गावाची राखण करत फिरतो, फिरून फिरून त्याच्या चपला झिजतात, म्हणून भाविक त्याला नव्या मोठ्या चामड्याच्या चपला वाहतात. आणि केळ्यांचे घड. आजी दरवर्षी जाऊन यायची. तिनं पहिल्यांदा माझ्या हातात इंद्रजाल बघितलं तेव्हा विचारलं, "ह्यो खंयचो वेताळ?"

मी सांगितलं, देंकालीचा. मूळ इंग्रजीत त्याच्या जंगलाच्या देशाचं नाव बंगालशी फारच जुळत होतं, म्हणून इंद्रजालनं ते बदलून देंकाली केलं होतं. हे मला तेव्हा माहीत नव्हतं आणि आजीला त्याची गरजही नव्हती. तिनं देंकाली शिरोड्याच्या पलीकडे कुठेतरी बसवून टाकली. मग चित्राकडे निरखून बघितलं.

"ह्येच्या पायात चपला खंय?"

"आजी, तो बूट घालतो."

"रातभर चलता मां? मगे बूट झिजतले. जुने खंय टाकता तो?"

ली फॉकनं 1936 साली फॅन्टम जन्माला घातला, तेव्हापासून त्याला जगभरच्या वाचकांनी पुष्कळ प्रश्न विचारले असतील. हा कुणी विचारला असेल असं वाटत नाही. मी बरेच अंक त्या नजरेनं पुन्हा चाळले. कवटीच्या गुहेत खजिना आहे, पूर्वजांची थडगी आहेत, बुटांचा ढीग कुठेही नाही.

तेव्हापासून आजीनं नियम केला. वेतोबाचं पुस्तक जमिनीवर ठेवायचं नाही, पाय लागला तर नमस्कार करायचा, जेवताना वाचायचं नाही. मँड्रेक कसाही लोळला तरी चालेल. त्याचा परिणाम पन्नास वर्षांनी "स्थिती" या रकान्यात दिसला. माझे वेताळाचे अंक बऱ्यापैकी शाबूत आहेत. मँड्रेकवर आमटीचे डाग आहेत, फ्लॅश गॉर्डनच्या एका अंकाला तर बांगड्याच्या कालवणाचा रंग चढलेला आहे, आणि बिचारा बहादूर बैलगाडीच्या वंगणात पडून आलेला.

या स्थितीच्या रकान्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. अमेरिकेत कॉमिक्सची प्रत दहापैकी गुणांत मोजतात, अर्ध्या गुणापासून सुरुवात. सुपरमॅन ज्यात पहिल्यांदा आला तो 1938 सालचा, दहा सेंटांना विकला गेलेला अंक 2024 मध्ये 60 लाख डॉलरला गेला, तो असा गुण लावून. पुतण्यानं हे मोठ्यानं वाचून दाखवलं, तेव्हा हिनं स्वयंपाकघरातून डोकावून पडवीतल्या पसाऱ्याकडे पहिल्यांदाच आदरानं पाहिलं. मग एक अंक उचलला, हुंगला आणि परत ठेवला.

तो वास कोकणचा आहे. हे स्वस्त वृत्तपत्री कागद. लाकूड नुसतं दळून केलेले. त्यातला लिग्निन, म्हणजे लाकडाचा अंगचा डिंक म्हणा, उजेडानं आणि हवेनं पिवळा पडतो, ते कुठेही होतंच. पण इथे जूनमध्ये पाऊस लागला की भिंत, उशी, आगपेटी आणि वेताळ सगळे एकाच वेळी ओले होतात. कागदावर तपकिरी ठिपके येतात. मधल्या लोखंडी पिना खाऱ्या हवेनं गंजतात आणि प्रत्येक पिनेभोवती तांबूस वर्तुळ पडतं, पुढे तेवढाच कागद गळून पडतो. परदेशी संग्राहक सांगतात, प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला. आम्ही घातली. आत ओल कोंडली आणि पिशवीत बुरशीची शेती झाली. शिरोड्याला मिठागरात मीठ पिकतं, आमच्याकडे कपाटात हे.

तेव्हा दहा गुणांची मोजपट्टी इथे चालणार नव्हती. आमच्या वहीत चारच दर्जे आहेत: कोरा, वाचलेला, खाल्लेला, गेलेला. कोरा एकही नाही. खाल्लेला म्हणजे कसरीनं खाल्लेला. वाळवीनं खाल्लेला तो थेट गेलेला, कारण वाळवी नायक, खलनायक काही ठेवत नाही, फक्त मुखपृष्ठाची पापडी ठेवते. मला राहून राहून आश्चर्य वाटतं ते फॅन्टमचं. हा माणूस, म्हणजे बापामागून मुलगा असं त्याचं घराणं, 1536 पासून पिढ्यान् पिढ्या आपल्या कारकिर्दीच्या वह्या लिहून गुहेत ठेवतोय. कुठे, तर घनदाट जंगलात, जिथे जायची वाट धबधब्याआडून. आणि कुठल्याही अंकात तो जुनी वही उघडतो तेव्हा पानं सुटी, कोरडी, अक्षर स्वच्छ. डांबरगोळ्या कुठल्या वापरतो ते एकदा तरी दाखवायला हवं होतं.

गंजलेल्या पिना मी आता पातळ सुरीनं उचकटून काढतो आणि त्याच भोकांतून सुती दोरा ओवतो. बसायला खिडकीजवळची जागा, हातात जाड सुई. ही म्हणाली, "दोरा कशाला? अबोलीचे वळेसर करतात तसं केळीचं सोपट घ्या. वेतोबाला केळी चालतातच."

शेऱ्याचा रकाना मी सगळ्यात निष्काळजीपणे आखला होता, अगदी अरुंद. तोच सगळ्यात आधी भरला. इंद्रजालची मोठी गोष्ट दोन-तीन अंकांत चालायची. काकांनी मे महिन्यात पहिला भाग आणला की दुसऱ्यासाठी गणपतीची वाट बघायची, आणि रद्दीवाल्यानं दिला नाही तर तोही गेला. पावसाळाभर वेताळ साखळदंडांत लटकलेला असायचा. मग थोरली आत्या रात्री कंदिलाच्या उजेडात पुढची गोष्ट सांगायची. तिनं कॉमिक्स वाचलेलं नसायचं, चित्रं बघितलेली असायची. तिच्या प्रत्येक गोष्टीत खलनायक शेवटी विहिरीत पडायचा. रहाट तुटायचा, मागून म्हैस यायची, किंवा नुसताच अंधार असायचा, पण विहीर ठरलेली. वाळवंटातल्या गोष्टीतही विहीर होती.

त्यातला एक दुसरा भाग मला चाळीस वर्षांनी मिळाला. वाचला. खलनायकाला पोलिसांच्या ताब्यात दिलं होतं. वहीत त्याच्यापुढे लिहिलंय: "वाचलेला. शेवट आत्याचा बरा."

कसरीवर उपाय पुतण्यानंच शोधला. अंक घट्ट पिशवीत बंद करून दोन आठवडे फ्रीझरमध्ये ठेवायचे, किडे आणि अंडी मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, नाहीतर आतल्या गार कागदावर पाणी धरतं. उपाय चांगला, पण वेंगुर्ल्यात फ्रीझर मोकळा मिळणं म्हणजे यष्टीत खिडकी मिळण्यासारखं. शेवटी वर्षाचं वेळापत्रक ठरलं. श्रावणात आमच्याकडे मासे बंद, म्हणजे तेव्हा फ्रीझर वेताळाचा. दहा-दहाची तुकडी आत-बाहेर. श्रावण सरला तरी गणपती होईपर्यंत मासे येत नाहीत, तेवढी सवलत हिनं आणखी दिली.

गणपतीला चुलतभाऊ आला. आरती झाल्यावर पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेला 97 काढला आणि माझ्या हातात न देता आधी मुखपृष्ठावर बोट ठेवलं. कोपऱ्यात त्याचं नाव होतं, निळ्या शाईत, चौथीतल्या अक्षरात. त्याच्याखाली, जरा पुसट, माझंही होतं. दोघांनी चष्मे काढून, घालून, उजेडाकडे धरून बघितलं. कुणाचं आधीचं ते ठरलं नाही. पुतण्यानं मधेच विचारलं, "काका, मग आता 188 करू?"

अंकाच्या कडेला बारीक नक्षी होती, कसरीची. ही दारात येऊन म्हणाली, "ठेवायचा असेल तर आत्ताच ठेवा. गौरी गेल्यावर मला सुरमई ठेवायचीय."

वहीत नोंद केली. अंक: 97. स्थिती: खाल्लेला. स्थान: फ्रीझर, वरचा कप्पा, बर्फाच्या ट्रेमागे. शेरा: मालकीबाबत वाद. मुदत, सुरमई येईपर्यंत.