दुपारची वाळू

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, मी क्वालिटी बघतो. वाळूच्या साच्यात ग्रे आयर्नचं (बिडाचं) कास्टिंग, बहुतेक माल गाड्यांच्या कारखान्यांना जातो. गेल्या उन्हाळ्यात गिअरबॉक्स हाउसिंगच्या एका जॉबने आम्हाला जेरीस आणलं होतं. आमच्या गेटमधून माल जाताना देखणा दिसायचा. ग्राहकाच्या मशीनवर चढला, वरचे दोन-तीन मिलिमीटर निघाले, की आत ब्लोहोल, म्हणजे वायूने पाडलेलं भोक. असं कास्टिंग मशीनिंगनंतर बाद झालं की नुकसान नुसत्या लोखंडावर भागत नाही. त्यांचा मशीनचा वेळ, टूल, वाहतूक, सगळं डेबिट नोटवर चढून येतं.

सकाळच्या मीटिंगला रोज तोच वाद. भट्टीवाले म्हणायचे कोअर (आतली पोकळी राखायला साच्यात ठेवतात ते वाळूचे ठोकळे) ओले आहेत. कोअर शॉपवाले म्हणायचे धातू थंड ओतला. मोल्डिंगवाले गंजक्या स्क्रॅपकडे बोट दाखवायचे. सँड लॅबचं रजिस्टर उघडावं तर ओलावा, कॉम्पॅक्टिबिलिटी (वाळू किती दबते), पर्मिअॅबिलिटी (तिच्यातून वायू किती जातो), सगळंच मर्यादेत. प्रत्येकाकडे आपापली वही, प्रत्येक वही आपापल्या जागी बरोबर, आणि तरी माल परत येतोय.

मालकांनी तेव्हा एका प्रदर्शनात कॅमेऱ्याची एआय यंत्रणा पाहिली होती आणि तिचं कोटेशनही आणलं होतं. कॅमेरा पृष्ठभाग बघतो, आपलं भोक कातडीखाली आहे, हे मी त्यांना दोन कापलेली कास्टिंग टेबलावर ठेवून दाखवलं. तुटक्या कडेचा कोअर ओळखायला, खोके मोजायला, कास्टिंगवरचा नंबर वाचायला कॅमेरा उत्तम. पण आमच्या दुखण्यावर तो इलाज नव्हता. लहान कारखान्यांत एआयचे पैसे बरेचदा इथंच वाया जातात असं माझं स्पष्ट मत आहे: आधी यंत्रणा विकत घ्यायची आणि मग तिला काम शोधायचं.

त्याच सुमारास इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाची एक मुलगी आमच्याकडे प्रोजेक्टला आली. तिने पहिल्याच दिवशी मशीन नाही, वह्या मागितल्या. भट्टीचं हीट रजिस्टर (वितळवलेल्या प्रत्येक खेपेची, म्हणजे हीटची नोंद), पोअरिंगची वही, सँड लॅबचं तासातासाचं रजिस्टर, सँड प्लांटची लॉगबुक, कोअरची नोंद, आणि ग्राहकाकडून आलेल्या बाद मालाच्या याद्या. फोनवर पानांचे फोटो काढून ती एआयकडून वाचून घ्यायची आणि एक्सेलमध्ये उतरवायची. पहिली अडचण आकड्यांचीच निघाली. आमची जुनी माणसं मराठी आकडे लिहितात, नवी पोरं इंग्रजी, आणि काही जण एकाच ओळीत दोन्ही. ओलाव्याचे ३.४ टक्के मशीनने ३.८ वाचले, कारण मराठी चार त्याला इंग्रजी आठ वाटला. घाईत लिहिलेला १ आणि ९ तर माणसालाही कळेना. मग तिने मर्यादा घालून दिल्या: आकडा नेहमीच्या पट्ट्याबाहेर गेला किंवा आधीच्या तासापेक्षा एकदम उडाला की पान परत डोळ्यांनी बघायचं. हे काम कंटाळवाणं होतं, पण तिने ते चिकाटीने केलं. पुढे जे काही हाती लागलं ते या कामामुळे.

खरी गाठ वेळेची होती. आमच्या कास्टिंगवर तारीख आणि हीटचा कोड उठवलेला असतो. बाद झालेल्या मालाचा कोड मिळाला की तो साच्यात कितीच्या सुमारास ओतला हे काढता येतं. मग त्या वेळेला वाळू कशी होती, धातू किती अंशांवर होता, कोअर कधी बनलेला होता, हे सगळं एका ओळीत आणता येतं. इतकी वर्षं या वह्या शेजारी शेजारी कपाटात होत्या, पण एकमेकींना कधी भेटल्या नव्हत्या.

या ओळींवरून दोष कधी येतो हे शिकायला घेतलेलं मॉडेल साधं होतं, रँडम फॉरेस्ट, म्हणजे बऱ्याच निर्णयवृक्षांचं मिळून मत घेणारं. पायथनमध्ये फुकट मिळतं, आमच्या ऑफिसच्या जुन्या लॅपटॉपवर चालतं. सुरुवातीच्या महिन्यांवर शिकवायचं आणि नंतरचे आठवडे झाकून ठेवून त्यावर परीक्षा घ्यायची. पहिल्या फेरीत परीक्षेत ते सपशेल नापास झालं. कारणांच्या यादीत ओतण्याचं तापमान वर येत होतं, पण नेम धरून काही सांगत नव्हतं.

तेव्हा ती सँड प्लांटच्या लॉगबुकमधला शेरा घेऊन माझ्याकडे आली. सँड प्लांटला आमचे एक जुने मामा आहेत, निवृत्तीला आलेले. त्यांच्या वहीत शेवटच्या रकान्यात जागोजागी एक-दोन शब्दांचे शेरे: "वाळू गरम", "लई गरम", कुठे नुसतं "ग". हा रकाना कुणीही वाचत नसे. लॅबच्या रजिस्टरला तापमानाचा रकानाच नाही.

"सर, हे घेऊ का?" तिने विचारलं. मी म्हटलं, घे. आणि माझ्या सांगण्यावरून तिने आणखी एक रकाना जोडला: या साच्याच्या आधीच्या दोन तासांत लाइनवर कुठला जॉब ओतला जात होता.

त्या शनिवारी दुपारी तिने नवीन निकाल स्क्रीनवर लावला आणि मी मामांना बोलावून घेतलं. सगळ्यात वरची दोन कारणं तीच होती, आधीचा जॉब आणि "गरम". भट्टी, स्क्रॅप, कोअर, ज्यांच्यावरून आम्ही रोज भांडत होतो ते सगळे बरेच खाली. जड फ्लायव्हीलच्या मागोमाग हाउसिंग लागलं की ब्लोहोल, आणि झाकून ठेवलेल्या आठवड्यांतही हाच नमुना.

मामा खुर्चीवर बसले नाहीत. उभ्यानेच बघत म्हणाले, "साहेब, दुपारची वाळू हातात धरवत नाही. मी लिवतोय की रोज."

कारण उघडं होतं, फक्त कुणी एकत्र मांडलं नव्हतं. फ्लायव्हीलच्या साच्यात धातू जास्त आणि त्या मानाने वाळू कमी. चौदाशे अंशांच्या आसपासचा धातू आपली उष्णता त्या थोड्या वाळूला देतो, नॉकआउट होऊन, म्हणजे साचा फोडून, तीच वाळू फिरून परत मिक्सरला येते. वाळू पन्नास अंशांच्या पुढे गेली की बेंटोनाइटला, म्हणजे वाळू बांधून ठेवणाऱ्या मातीला, पाणी नीट धरता येत नाही. मिक्सरच्या तोंडाशी घेतलेला नमुना लॅबमध्ये बरोबर येतो, पण मोल्डिंग मशीनपर्यंत वाळू नेणाऱ्या पट्ट्यावर तेच पाणी वाफ होऊन उडतं. जे उरतं ते साचा बंद झाल्यावर आतल्या थंड कोअरवर जमतं, भाताच्या झाकणाला आतून पाणी सुटतं तसं. त्या ओल्या कोअरवर धातू आला की वाफ कुठे जाणार? हाउसिंगची भिंत पातळ, ती लवकर गोठते, वायू आतच अडकतो.

तरीही मी त्या निकालावर ग्राहकाला पत्र लिहिलं नाही. दोन गोष्टी बरोबर घडतात एवढंच मॉडेल सांगतं, एकीने दुसरी घडवली हे सांगायला साचाच लागतो. म्हणून पुढच्या आठवड्यात चाचणी ठरली. एका दिवशी हाउसिंग सकाळी पहिल्यांदा, वाळू रात्रभर थंड झालेली असताना. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखं, फ्लायव्हीलनंतर. कोअर एकाच बॅचचे, स्क्रॅप एकाच ढिगातलं, ओतण्याचं तापमान ठरलेल्या पट्ट्यात. मामांच्या हातात तापमान मोजायची इन्फ्रारेड गन दिली. दर थोड्या वेळाने ते ती परतीच्या, म्हणजे वाळू मिक्सरकडे परत आणणाऱ्या, पट्ट्यावर धरायचे आणि आकडा मोठ्याने ओरडायचे, पोरगी लिहून घ्यायची. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर आकडा पंचावन्नच्या वर गेला. मामांनी बंद केलेला एक साचा ओतण्याआधी पुन्हा उघडून कोअरवरून बोट फिरवलं आणि माझ्यासमोर धरलं. बोट ओलं होतं.

दोन्ही दिवसांच्या मालावर वेगवेगळ्या रंगाचे खडू लावले आणि ग्राहकाकडे न पाठवता आमच्याच व्हीएमसीवर (मिलिंगच्या मशीनवर) तोंडं कापली. सकाळच्या निळ्या मालात एखाददुसरा दोष सापडला. दुपारच्या लाल मालाचा ढीग वेगळा ठेवायला जागा करावी लागली. मालक स्वतः मशीनपाशी उभे होते, आणि त्यांनी कॅमेऱ्याचं कोटेशन पुन्हा काढलं नाही.

त्यानंतर झालेले बदल दिसायला किरकोळ आहेत. परतीच्या पट्ट्यावर तापमानाचा सेन्सर बसला. जॉबचा क्रम लावताना प्लॅनिंगवाला आता मॉडेलला विचारतो. कुठला जॉब कशाच्या मागे आला तर दोन तासांनी वाळू किती तापेल याचा अंदाज त्याच्या स्क्रीनवर येतो, आणि हाउसिंगच्या वेळी पिवळा दिवा लागला की तो क्रम बदलतो किंवा मध्ये नवी वाळू मागवतो. मामांचा शेऱ्याचा रकाना तसाच आहे, फक्त आता ते टॅबवर बोलून नोंदवतात. सुरुवातीला कंत्राटी पोरांना भीती होती की हे सगळं कुणाची चूक पकडायला चाललंय. त्यांना बसवून सांगावं लागलं की यात माणसाच्या नावाचा रकाना नाही, आणि तो घालायचाही नाही. नाव घातलं की दुसऱ्या दिवसापासून वहीत सगळं मर्यादेतच दिसेल.

पावसाळ्यात मॉडेल डळमळलं. उन्हाळ्यात शिकलेलं, त्याला कोल्हापूरचा जुलै माहीत नव्हता. नवी वाळूच ओली येत होती, हवेतला दमटपणा कोअरला लागत होता, आणि पिवळा दिवा भलत्याच वेळी पेटायचा. पावसाळ्याच्या नोंदी घालून ते पुन्हा शिकवलं, कोअर किती तास उघडा पडून होता हा रकाना वाढवला, तेव्हा कुठे ताळ्यावर आलं. ऋतूप्रमाणे हे करावं लागणार, हे धरूनच चालायचं.

जॉबचा क्रम बदलणं हा मात्र कायमचा उपाय नाही. ग्राहकाला फ्लायव्हील सकाळच्या गाडीत हवे असतात आणि तेव्हा प्लॅनिंगवाला कुठवर ओढून धरणार? त्यामुळे आता सँड कूलरचा विषय निघाला आहे. वाळूच्या वजनाच्या एक टक्का पाणी हवेच्या झोताने उडवलं तर ती साधारण पंचवीस अंशांनी उतरते, तेवढ्याने आमचं भागेल. मालकांनी विचारलं, खर्च कसा फिटेल? मुलीने मॉडेलमध्ये पट्ट्यावरचं तापमान पंचेचाळीसच्या खाली धरून गेल्या उन्हाळ्याचा माल पुन्हा चालवला, किती डेबिट नोटा टळल्या असत्या ते काढलं आणि कागद त्यांच्यापुढे ठेवला. दोन पुरवठादारांची कोटेशनं आली आहेत, तिसऱ्याचं सोमवारपर्यंत येईल.