तिचं 'नको'

लहान मुलांच्या औषधचाचण्यांत समन्वयक म्हणून काम करते. परवा नऊ वर्षांची एक मुलगी आली. आईने संमतिपत्रावर सही केली होती, सगळं रीतसर. मी मुलीला चित्रं दाखवत समजावलं, तर ती हळूच म्हणाली, "मला नको."

आई ओशाळली. "अहो ताई, लहान आहे ती, घ्या तुम्ही."

नाही घेतलं. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे 7 ते 12 वर्षांच्या मुलांची तोंडी आणि त्यापुढे 18 पर्यंत लेखी अनुमती लागते, पालकांची सही असली तरी वेगळी. पण नियम नसता तरी त्या डोळ्यांकडे बघून माझा हात पुढे झाला नसता. तिचे नेहमीचे उपचार तसेच चालू राहतील, हे आईला दोनदा सांगितलं. नकार दिला तर ते थांबतील, हीच भीती आईच्या मनात होती.

चाचणीचा आराखडा बनतानाही मी रक्ताच्या नमुन्यांवरून भांडते. मुलाच्या अंगात किलोमागे साधारण 75 ते 80 मिलिलिटर रक्त असतं. म्हणजे दहा किलोच्या बाळात जेमतेम पाऊण लिटर! मोठ्यांचं वेळापत्रक तसंच उचलून कसं चालेल? दोन तपासण्या एकाच टोचणीत बसवायच्या, बधिर करणारं मलम तासभर आधी लावायचं, भेटी शाळा बुडणार नाही अशा ठेवायच्या. वडिलांची रोजंदारी बुडते, तिचाही हिशेब हवा.

तरीही या चाचण्या व्हायलाच हव्यात. नाहीतर मोठ्यांची गोळी अंदाजाने अर्धी करून मुलांना देत राहू.

जाताना त्या मुलीने माझ्याकडून चित्रांचा कागद मागून घेतला.